मीटरभर वायरचे आठ अंश

एक मीटर केबल म्हणजे रंगाचे आठ अंश. नव्वदच्या दशकात अंधेरीच्या एका स्टुडिओत मी मेंटेनन्सला लागले, तेव्हा साहेबांनी शिकवलेला हा पहिला हिशेब. टीव्हीच्या ‘पाल’ पद्धतीत रंगाची लहर सेकंदाला ४४ लाखांहून जास्त फेरे घेते. एका फेऱ्याला सव्वादोनशे नॅनोसेकंद. सिग्नलला मीटरभर वायर पार करायला पाच लागतात. दोन कॅमेरे मिक्सरवर यायचे आणि एकाची वायर तीन मीटरनं लांब असली, तर डिझॉल्व्ह करताना रंग बिघडायचाच. म्हणून रॅकमागे केबलची वेटोळी मुद्दाम टांगलेली असत. नवा वायरमन ती फालतू समजून कापायला निघाला, की आम्ही ओरडायचो.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तेव्हा चित्र कृष्णधवल होतं आणि या अंशांची कटकट नव्हती. चित्राच्या ६२५ ओळी सगळ्या यंत्रांत एकाच क्षणी सुरू झाल्या, की भागत असे. १९८२ साली रंग आला आणि मागच्या पॅनलवरच्या ‘जेनलॉक’ सॉकेटचं महत्त्व एकदम वाढलं. ढोलपथक ताशाकडे कान ठेवून वाजवतं, तसं प्रत्येक यंत्र सिंक जनरेटरच्या ‘ब्लॅक बर्स्ट’कडे लक्ष ठेवून चालायचं. तो सिग्नल एका यंत्रात शिरे, शेजारच्या सॉकेटातून निघून पुढच्यात जाई. शेवटच्या यंत्रावर ७५ ओहमचा टर्मिनेटर. चित्राची वायरही अशीच फिरवलेली असे. तिथे टर्मिनेटर विसरला तर व्होल्टेज दुप्पट, चेहरे पांढरेफटक; चुकून दोन लागले तर चित्र दोनतृतीयांशावर येऊन काळवंडे. निम्म्या तक्रारींचं मूळ या बोटभर टोपणात सापडायचं, आणि क्लायंटला वाटायचं कॅमेराच गेला.

खरा बदल झाला तो मेमरीमुळे. आलेली फ्रेम साठवायची आणि घरच्या ठेक्यावर बाहेर सोडायची, हे काम करणारे फ्रेम सिंक्रोनायझर सत्तरच्या दशकात आले. आमच्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला. मग वेटोळी उतरली. स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचे फेजचे स्क्रूही गेले आणि तेच आकडे मेन्यूत भरता येऊ लागले. मला ते फार आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू?

बीटाकॅम एसपीच्या कंपोनंट जोडणीला तीन वायरी लागत. त्यांतल्या रंगाच्या दोन उलटसुलट झाल्या तर निवेदिकेचा चेहरा भलत्याच रंगाचा. ‘एसडीआय’ या डिजिटल जोडणीनं ते सगळं एका बीएनसी सॉकेटवर आणलं: आधी सेकंदाला २७ कोटी बिट, पुढे एचडीला जवळपास दीड अब्ज. सॉकेट दिसायला तेच, पण त्यानं आता चूक पोटात घालणं बंद केलं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ५० ओहमचा बीएनसी अ‍ॅनालॉगमध्ये निमूट चालून जाई. एचडीत तोच सिग्नल मागे परतवतो. अ‍ॅनालॉग चित्र वायर लांबली की हळूहळू मळकट होई, म्हणजे आधी कळायचं तरी. एसडीआय शेवटच्या काही मीटरपर्यंत स्वच्छ असतो. मग ठिपके चमकतात आणि पडदा काळा.

आता एसएमपीटीईच्या २११० मानकानुसार चित्र, आवाज आणि वेळही नेटवर्कवरून येते; त्या मानकाचे पहिले भाग २०१७ साली निघाले. पण बहुतेक स्टुडिओंत अजून बीएनसीच्या रांगा आहेत आणि त्यांत ‘रेफ इन’ लिहिलेलं जेनलॉकचं एक सॉकेट हमखास मोकळं दिसतं. यंत्र रॅकला लावलंत की इनपुटच्या आधी तिथे वायर जोडा आणि मेन्यूत रेफरन्स ‘एक्स्टर्नल’वर आहे का ते बघा. नवीन यंत्र पुष्कळदा ‘इंटर्नल’वर ठेवलेलंच येतं.