मुंबई महानगर परिसरातील व्यवसाय विमानवाहतूक

मुंबई महानगर परिसरातील व्यवसाय विमानवाहतूक म्हणजे ठरावीक वेळापत्रकाविना, कंपन्या, संस्था किंवा व्यक्ती यांच्या गरजेनुसार मुंबईकडे येणाऱ्या व मुंबईहून निघणाऱ्या विमानांची वाहतूक होय. इंग्रजीत तिला ‘बिझनेस एव्हिएशन’ म्हणतात. तिकिटे विकून चालविल्या जाणाऱ्या नियमित प्रवासी सेवेपेक्षा ती वेगळी आहे. कंपन्यांच्या मालकीची विमाने, भाड्याने मिळणारी चार्टर विमाने आणि हेलिकॉप्टर यांचा तिच्यात समावेश होतो. रुग्णवाहू विमानेही बहुधा याच व्यवस्थेतून चालतात.

शहराच्या मुख्य विमानतळावर जागा व वेळ यांची टंचाई असल्याने या विमानांच्या नियोजनात दुय्यम विमानतळांना महत्त्व आले आहे. जुहू आणि नवी मुंबई हे महानगरातील, तर पुणे (लोहगाव) आणि नाशिक (ओझर) हे महानगराबाहेरील पर्याय होत. यांपैकी कोणता उपयोगी पडेल हे शहरापासूनच्या अंतरापेक्षा धावपट्टीची लांबी, कामकाजाच्या वेळा, आवश्यक परवानग्या आणि विमान उभे करण्याची जागा यांवर अधिक अवलंबून असते.

मुख्य विमानतळावरील मर्यादा

छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत. ०९/२७ या मुख्य धावपट्टीची लांबी सुमारे ३,४४८ मीटर, तर १४/३२ या दुय्यम धावपट्टीची लांबी सुमारे २,८७१ मीटर आहे. या धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्याने त्यांवर एकाच वेळी स्वतंत्रपणे उड्डाणे करता येत नाहीत. त्यामुळे विमानतळाची क्षमता व्यवहारात एका धावपट्टीइतकीच राहते. चहूबाजूंनी दाट वस्ती असल्याने विस्तारालाही वाव नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने गर्दीच्या वेळेतील तासाला ४६ उड्डाणांची मर्यादा ४४ वर, तर इतर वेळेतील ४४ ची मर्यादा ४२ वर आणण्याचे निर्देश दिले. सकाळी ८ ते ११, सायंकाळी ५ ते ८ आणि रात्री ९.१५ ते ११.१५ या वेळा गर्दीच्या मानल्या गेल्या. याच निर्देशांनुसार व्यवसाय विमानांवरील दैनिक बंदीचा कालावधी चार तासांवरून आठ तासांवर गेला. गर्दीमुळे विमानांना शहरावर घिरट्या घालाव्या लागतात आणि त्यात इंधन व वेळ वाया जातो, असे कारण त्या वेळी देण्यात आले.

जुहू विमानतळ

जुहू विमानतळ १९२८ मध्ये सुरू झाला. तो भारतातील पहिला नागरी विमानतळ मानला जातो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन येणारे विमान येथे उतरविले. भारतीय नागरी हवाई सेवेचा आरंभ या उड्डाणापासून धरला जातो. पुढे १९४० च्या दशकाच्या अखेरीस नियमित प्रवासी सेवा सांताक्रूझला गेल्या. आज जुहू येथून प्रामुख्याने हेलिकॉप्टर व लहान विमाने उडतात. अरबी समुद्रातील तेलक्षेत्रांकडे जाणाऱ्या हेलिकॉप्टर सेवांचे ते प्रमुख केंद्र आहे.

शहराच्या पश्चिम भागातील प्रवाशाला जुहू सर्वांत जवळचा, परंतु बहुतेक जेट विमानांना तो उपयोगी नाही. त्याची मुख्य धावपट्टी ०८/२६ सुमारे १,१४३ मीटर लांब आहे. व्यावसायिक परवान्यावर चालणाऱ्या जेट विमानाने उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत पूर्ण थांबले पाहिजे, असा नियम जगभर प्रचलित आहे. टर्बोप्रॉप विमानांसाठी हे प्रमाण ७० टक्के असते. संपूर्ण लांबी उपलब्ध धरली, तरी जुहू येथे जेट विमानाला सुमारे ६८६ मीटरच मिळतात. धावपट्टी ओली असल्यास १५ टक्के अधिक लांबी गृहीत धरावी लागते, त्यामुळे ही मर्यादा ६०० मीटरच्याही खाली येते. टर्बोप्रॉप विमानाला कोरड्या धावपट्टीवर सुमारे ८०० मीटर मिळतात, म्हणून त्या वर्गातील काही विमाने येथे उतरू शकतात.

येथील उड्डाणे मुख्यतः दिवसा आणि दृश्यमानता चांगली असताना होतात. मुख्य विमानतळ काही किलोमीटरवरच असल्याने प्रत्येक उड्डाणाचा तेथील हवाई वाहतूक नियंत्रणाशी समन्वय ठेवावा लागतो. धावपट्टी समुद्राच्या दिशेने वाढविण्याचे प्रस्ताव वेळोवेळी मांडले गेले, परंतु ते प्रत्यक्षात आले नाहीत.

दोन विमानतळांच्या सान्निध्यामुळे वैमानिकांची गफलतही झाली आहे. जुलै १९५३ मध्ये बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट विमान सांताक्रूझऐवजी चुकून जुहूला उतरले. काही दिवसांनी ते तेथून उडवून बाहेर नेण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअर लाइन्सचे डीसी-८ विमानही असेच जुहूला उतरले आणि धावपट्टी संपल्यावर पुढे जाऊन निकामी झाले. त्यात जीवितहानी झाली नाही. दोन्ही विमानतळांच्या मुख्य धावपट्ट्यांची दिशा जवळजवळ सारखी असणे अशा चुकांना पोषक ठरते.

नवी मुंबई विमानतळ

उलवे–पनवेल परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. त्यासाठी उलवे येथील टेकडी सपाट करावी लागली आणि उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला. पहिल्या टप्प्यातील धावपट्टी सुमारे ३,७०० मीटर लांब आहे, म्हणजे मोठ्या पल्ल्याच्या व्यवसाय जेट विमानांनाही ती पुरते. पूर्ण आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या असून सामान्य विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र टर्मिनलही आहे.

दक्षिण मुंबईकडे जाणाऱ्यांसाठी शिवडी ते न्हावा शेवा हा सुमारे २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू महत्त्वाचा आहे. तो जानेवारी २०२४ मध्ये वाहतुकीस खुला झाला. वांद्रे किंवा अंधेरीकडे जाणाऱ्याला मात्र खाडी ओलांडून शहरातील रहदारीतून जावे लागत असल्याने हवेत वाचलेला वेळ रस्त्यावर खर्च होऊ शकतो.

पुणे आणि नाशिक

पुण्याचा लोहगाव विमानतळ हा भारतीय वायुसेनेचा तळ असून नागरी टर्मिनल त्याच्या एका भागात आहे. धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब आहे. तळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५९२ मीटर उंचीवर असल्याने उन्हाळ्यात विरळ हवेमुळे विमानाला उड्डाणासाठी अधिक धाव घ्यावी लागते. धावपट्टी व हवाई वाहतूक नियंत्रण वायुसेनेकडे असल्याने लष्करी सरावाच्या वेळा आणि दुरुस्तीची कामे यांचा नागरी उड्डाणांवर थेट परिणाम होतो. १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ या काळात धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी हा विमानतळ पूर्णतः बंद होता. सदाशिव पेठेसारख्या मध्यवर्ती भागात काम असणाऱ्याला लोहगाव सुमारे दहा किलोमीटरवर पडतो. मुंबईत काम असणाऱ्याला मात्र तेथून पुणे शहर ओलांडून सुमारे ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग कापावा लागतो.

नाशिकजवळील ओझर विमानतळ हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडच्या ताब्यात असून त्याची धावपट्टी सुमारे ३,००० मीटर लांब आहे. मुंबईत प्रवासी उतरवून रिकामे विमान अशा ठिकाणी नेऊन ठेवणे हा जागेच्या टंचाईवरील एक उपाय आहे. मात्र रिकाम्या फेरीचे इंधन व अन्य शुल्क यांमुळे खर्च वाढतो.

उड्डाणाचे नियोजन

नियोजनाचा आरंभ सामान्यतः वेळेपासून होतो. दिल्लीहून निघून सकाळी ९ वाजता मुंबईत बैठकीला पोहोचायचे असेल, तर मुख्य विमानतळावर ८ पूर्वी उतरणे भाग पडते. त्यासाठी पहाटेच निघावे लागते, आणि हिवाळ्यात दिल्लीतील धुके त्यात अडथळा आणू शकते. दुसरा पर्याय म्हणजे नवी मुंबईला उतरून पुढे मोटारीने जाणे. अशा वेळी हवाई प्रवासाचा नव्हे, तर घरापासून बैठकीपर्यंतच्या एकूण प्रवासाचा हिशेब केला जातो.

यानंतर परवानग्यांचा विचार येतो. भारतात खासगी वर्गात नोंदलेले विमान मोबदला घेऊन प्रवासी नेऊ शकत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा अनियमित सेवेचा परवाना लागतो. देशांतर्गत उड्डाणापूर्वी हवाई संरक्षण मंजुरीचा क्रमांक घ्यावा लागतो. परदेशातून येणाऱ्या विमानाने प्रथम सीमाशुल्क व आप्रवासन तपासणीची सोय असलेल्या विमानतळावरच उतरणे बंधनकारक असते, त्यामुळे जुहू हा पर्याय येथेही बाद होतो.

इंधनाचा हिशेब पर्यायी विमानतळ धरून केला जातो. गंतव्य विमानतळावर उतरता न आल्यास पर्यायी विमानतळावर पोहोचण्याइतके आणि त्यानंतर आणखी ३० मिनिटे हवेत राहण्याइतके इंधन जेट व टर्बोप्रॉप विमानात असावे लागते. जून ते सप्टेंबर या काळात मुंबई, नवी मुंबई व जुहू एकाच पावसाच्या पट्ट्यात सापडू शकतात. त्यामुळे शेजारचा विमानतळ हवामानाच्या दृष्टीने खरा पर्याय ठरत नाही, आणि अहमदाबादसारखे दूरचे ठिकाण निवडावे लागते. १४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट ४५ जातीचे चार्टर विमान मुसळधार पावसात मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून घसरून कोसळले. विमानातील आठही जण बचावले, परंतु धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली आणि नियमित उड्डाणे इतरत्र वळविण्यात आली.

इतर महानगरांशी तुलना

पॅरिसजवळील ल बुर्जे, लंडनजवळील फार्नबरो आणि न्यू यॉर्कजवळील टेटरबरो हे विमानतळ प्रामुख्याने व्यवसाय विमानांसाठी वापरले जातात. त्यांच्यावरही मर्यादा आहेत. टेटरबरो येथे १,००,००० पौंडांहून अधिक वजनाच्या विमानांना सर्वसाधारणपणे मनाई आहे, तर फार्नबरो येथे वार्षिक उड्डाणसंख्येवर मर्यादा आहे. या शहरांत लहान विमानांना मुख्य विमानतळाबाहेर पुरेशा लांबीची धावपट्टी मिळते. नवी मुंबई सुरू होईपर्यंत मुंबई महानगरात अशी सोय नव्हती.

वाद

शेकडो प्रवासी नेणाऱ्या विमानाला आणि मोजके प्रवासी नेणाऱ्या विमानाला धावपट्टीवर जवळपास सारखाच वेळ लागतो. त्यामुळे गर्दीच्या वेळी नियमित सेवेला प्राधान्य देण्याचे समर्थन केले जाते. उद्योगक्षेत्राचा प्रतिवाद असा, की आर्थिक राजधानीत उद्योगांना वेळेवर पोहोचता न येणे ही अप्रत्यक्ष हानी असून लहान शहरांतील कारखान्यांना जोडणारी थेट नियमित सेवा अनेकदा उपलब्ध नसते. रुग्ण आणि प्रत्यारोपणासाठीचे अवयव नेणाऱ्या विमानांचा प्रश्न याहून वेगळा आहे. ती याच वर्गात मोडत असली, तरी त्यांना सामान्यतः प्राधान्य दिले जाते.