स्वरांना नावे देणारी शाळा

रविवारच्या पवित्र मिस्सासाठी नवे गीत बसवायचे ठरले की आपल्या धर्मग्रामातील गायनवृंदाचा सराव बहुधा एकाच पद्धतीने होतो. कुणीतरी ध्वनिमुद्रण आणतो. ते दहा वेळा लावले जाते, सारे जण कान देऊन ऐकतात आणि मागोमाग गातात. पूर्वी हे काम कॅसेट करीत असे, आता ते भ्रमणध्वनी करतो. ध्वनिमुद्रण नसेल तर जाणत्या व्यक्तीची वाट पाहावी लागते, आणि ती आली नाही तर जुनेच गीत पुन्हा म्हटले जाते. कागदावर स्वरलेखन समोर असले तरी ते आपल्यासाठी मुके असते. पुष्कळांना वाटते, संगीत ही ईश्वरी देणगी आहे, ज्याला मिळाली त्याला मिळाली. परंतु हा प्रश्न देणगीचा नसून शिक्षणाचा आहे, असे सुमारे एक हजार वर्षांपूर्वी एका मठवासीयाने ठामपणे सांगितले होते. त्याने दाखविलेल्या वाटेचा एक फाटा आपल्या शेजारच्या गोव्यातून थेट मुंबईपर्यंत आला, म्हणून ही कथा आपल्यालाही जवळची आहे.

त्या मठवासीयाचे नाव ग्विदो. त्याचा जन्म साधारणपणे ९९१ च्या सुमाराचा. इटलीतील पोम्पोसा येथील बेनेडिक्टाईन मठात तो गायन शिकवीत असे. त्या काळी उपासनेची शेकडो स्तोत्रे वर्षाच्या चक्राप्रमाणे गावी लागत आणि ती सारी मुखोद्गत करावी लागत. स्वरांच्या खुणा लिहिण्याची चाल होती. परंतु स्वर वर चढतो की खाली उतरतो एवढेच त्या खुणा सांगत, नेमका किती, ते सांगत नसत. ज्याला चाल आधीच ठाऊक आहे त्याला आठवण करून देण्यापुरताच त्यांचा उपयोग. परिणामी मुलाचे अर्धे बालपण गायनशिक्षणात सरे, आणि दहा वर्षे राबूनही तो गुरूविना एक नवे स्तोत्र म्हणू शकत नसे. ग्विदोला ही गोष्ट सलत होती. एवढा वेळ खर्चून मुले इतर अध्ययनाला मुकतात, ही त्याची खरी तक्रार होती.

त्याने दोन उपाय केले. पहिला डोळ्यांसाठी. स्वरांच्या खुणा त्याने आडव्या रेघांवर आणि रेघांच्या मधल्या जागांत बसविल्या आणि त्यांतील दोन रेघांना रंग दिले, एक पिवळी आणि एक तांबडी, जेणेकरून अर्धस्वराची जागा मुलाच्या चटकन लक्षात यावी. दुसरा उपाय कानासाठी, आणि तो अधिक मोलाचा. संत योहान बाप्तिस्ता यांच्या गौरवार्थ एक लॅटिन स्तोत्र होते. त्याच्या चालीत पहिल्या सहा चरणखंडांपैकी प्रत्येकाचा आरंभ आधीच्यापेक्षा एक स्वर वर होतो. त्या सहा खंडांची आद्याक्षरे म्हणजे उत्, रे, मी, फा, सोल, ला. मुलाने हे एक स्तोत्र पक्के पाठ करायचे. मग कोणताही अनोळखी स्वर कानी पडला की तो कोणत्या खंडाच्या आरंभाशी जुळतो हे मनातल्या मनात ताडून पाहायचे. जुळला की स्वराचे नाव सापडले! उलट, कागदावर स्वराची खूण दिसली की तो खंड मनात आठवायचा आणि आवाज लावायचा. ऐकलेले लिहिणे आणि लिहिलेले गाणे, या दोन्ही दिशांनी चालणारा हा अभ्यास म्हणजेच आज ज्याला श्रवणसाधना किंवा कान तयार करणे म्हणतात तो.

आपल्या मराठी वाचकांना यात एक साम्य सहज दिसेल. सा, रे, ग, म हीदेखील षड्ज, ऋषभ, गांधार, मध्यम यांची आद्याक्षरेच आहेत आणि ती ग्विदोहून पुष्कळ प्राचीन आहेत. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीच्या यादव दरबारात शारंगदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, तेव्हा ही परंपरा चांगली मुरलेली होती. स्वराला नाव दिल्याशिवाय तो मनात स्थिर होत नाही, हे दोन दूरच्या संस्कृतींनी स्वतंत्रपणे ओळखले होते.

ग्विदोच्या मठातील सहकाऱ्यांना हे नवे खूळ रुचले नाही. मत्सराला कंटाळून तो आरेत्सो नगरीत गेला. तेथील बिशप थिओडाल्ड यांनी त्याला आश्रय दिला. तेथे त्याने ‘मिक्रोलोगुस’ हा ग्रंथ लिहिला. पुढे पोप एकोणिसावे जॉन यांनी त्याला रोमला बोलावून घेतले. पोम्पोसातील आपला मित्र मायकल याला लिहिलेल्या पत्रात ग्विदोने त्या भेटीचा वृत्तांत दिला आहे. पोपमहोदयांनी त्याचा स्तोत्रग्रंथ हाती घेतला, नियम समजून घेतले, आणि पूर्वी कधीही न ऐकलेली एक ओळ स्वतः गाऊन पाहीपर्यंत ते जागचे हलले नाहीत. आपली काही मुले तीन दिवसांच्या आत अनोळखी स्तोत्रे म्हणू लागली, आणि पूर्वी दहा वर्षांत अपुरे राहणारे शिक्षण आता वर्षा-दोन वर्षांत पुरे होते, असेही तो या पत्रात नमूद करतो. पुढील शतकांत ‘उत्’ ऐवजी उच्चाराला सोपा ‘दो’ आला, सातव्या स्वरासाठी ‘सी’ आला, आणि ही पद्धत ‘सोल्फेज’ म्हणून युरोपभर पसरली.

सोळाव्या शतकात ती जहाजातून गोव्यात उतरली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकले; संत फ्रान्सिस झेविअर १५४२ साली तेथे पोहोचले. चर्चेस उभी राहू लागली तसे उपासनेसाठी गायक आणि वादक हवे झाले. ते युरोपातून किती आणणार? म्हणून स्थानिक मुलांना शिकविणे क्रमप्राप्त झाले. यातून धर्मग्रामाच्या शाळेची, पोर्तुगीज भाषेत ‘एश्कोला पारोकियाल’ची, परंपरा रुजली. तेथे मुख्यतः मुलगे शिकत. धर्मशिक्षण, अक्षरओळख आणि संगीत असा तेथील अभ्यास. शिकविणाऱ्याला ‘मेस्त्र’ म्हणत. हाच मेस्त्र रविवारी चर्चच्या माडीवर गायनवृंद सांभाळी, आणि सणासुदीला व्हायोलिन हाती घेई.

या शाळेची शिस्त कडक होती. मुलाच्या हाती व्हायोलिन लगेच येत नसे. आधी सोल्फेज: हाताने ताल धरायचा आणि स्वरांची नावे घेत पाठामागून पाठ म्हणायचे. मुलाला तो काळ रटाळच वाटत असणार. परंतु वाद्य हाती येई तेव्हा त्याचा कान आधीच तयार असे. बोट चुकीच्या जागी पडले तर ते त्याला स्वतःलाच कळे. मेस्त्राने शेजारी उभे राहण्याची गरज उरत नसे. या शिक्षणाची फळे चर्चपुरती राहिली नाहीत. उपासकाळातील मोतेत, खुरसापुढे आणि घरोघर होणारी लादिन, एकोणिसाव्या शतकात बहरलेला मांडो, या साऱ्यांत दोन किंवा अधिक आवाज एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांवर चालतात. साध्या घरातली माणसेही दुसरा आवाज सहज लावत. ही एका रात्रीत आलेली किमया नव्हती.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्या सत्तेने मुलांना नवे स्वर दिले, तिनेच जुने हिरावून घेतले. इन्क्विझिशनच्या १७३६ च्या फर्मानाने लग्नसमारंभातील देशी वाद्यांवरही बंदी आणली. एक कान उघडताना दुसरा बुजवावा लागतो, हा समज चुकीचा होता. तो चुकीचा असल्याचे पुढे त्याच शाळांच्या विद्यार्थ्यांनी सिद्ध केले, आणि तेही मुंबईत.

गोव्यात उपजीविकेची साधने तोकडी. स्वरलेखन वाचता येणारा गोवेकर तरुण मुंबईला येई आणि वाद्यवृंदात, हॉटेलांतील जाझच्या ताफ्यात, मूकपटांच्या चित्रपटगृहात काम मिळवी. पुढे बोलपट आले आणि चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद मोठे होत गेले. तेथे एक अडचण होती. संगीतकार बहुधा गुरुमुखाने शिकलेले. चाल हार्मोनियमवर किंवा गुणगुणून सांगणारे. समोर बसलेल्या वीस-तीस वादकांपर्यंत ती पोहोचवायची कशी? येथे गोव्याचा कान कामी आला. संगीतकाराने चाल म्हणावी आणि शेजारी बसलेल्या संयोजकाने ती ऐकता ऐकता कागदावर उतरवावी, मग तिच्याभोवती इतर वाद्यांचे स्वर रचावेत. हे शाळेतील श्रुतलेखनच होते. फक्त परीक्षक बदलला होता.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे या परंपरेचे ठळक उदाहरण. त्यांचे वडील चर्चचे गायनवृंदप्रमुख. मुलाचे पहिले धडे त्यांच्याच हाताखाली झाले. मुंबईत ते व्हायोलिनवादक आणि संयोजक म्हणून नावारूपाला आले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतील प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विस यांना हिंदुस्थानी रागांनी मोहून टाकले होते. १९५८ साली त्यांनी वाद्यवृंद उभारून रागांवर आधारलेल्या आपल्या रचना सादर केल्या. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील प्रसिद्ध गाण्यात शिष्याने गुरूचे नाव गुंफले, आणि देशातील पोराटोरांच्या तोंडी ते झाले. ते नाव एका चर्चच्या माडीवरील गायकाच्या मुलाचे आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

मग ही शाळा गेली कुठे? तिला कुणी टाळे ठोकले असे नाही. सरकारी आणि खाजगी शाळा वाढल्या, इंग्रजी माध्यमाची ओढ लागली, आणि संगीत हा चर्चच्या कामापुरता विषय मानला गेल्याने नव्या शाळांच्या वेळापत्रकात त्याला मानाचे पान मिळाले नाही. गोव्यात संगीताच्या स्वतंत्र संस्था निघाल्या आणि त्यांनी मोलाचे कार्य केले. तरीही जो जाणीवपूर्वक नाव नोंदवील तोच तेथे जाणार. गावातील प्रत्येक मुलाला सहज मिळणारे ते शिक्षण उरले नाही.

असेच नुकसान हंगेरीतही झाले होते. तेथील थोर संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी १९२० च्या दशकात शाळकरी मुलांचे गाणे ऐकले आणि ते व्यथित झाले. त्यांनी मोठ्या रचनांच्या बरोबरीने मुलांसाठी गाणी व स्वरवाचनाचे पाठ लिहायला घेतले. १९५० साली त्यांच्या जन्मगावी, केचकेमेट येथे, रोज गायनाचा तास असणारी पहिली प्राथमिक शाळा सुरू झाली. कोदाय यांनी सोल्फेज घेतले, पण ‘दो’ एका जागी खिळवून ठेवला नाही. आपल्या षड्जाप्रमाणे तो गायकाच्या सोयीने वरखाली सरकतो. इंग्लंडमधील सारा ग्लोव्हर आणि जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात हीच वाट चोखाळली होती, आणि मिझोरामच्या गायनवृंदांनी तिच्या बळावर नाव मिळविले. कोदाय यांचा दुसरा आग्रह अधिक महत्त्वाचा: आरंभ मातृभाषेतील लोकगीतांपासून व्हावा. युनेस्कोने २०१६ साली या पद्धतीची वारसा-जतनाचा आदर्श म्हणून नोंद केली.

आपल्या ख्रिस्तसभेलाही हे नवे नाही. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी घोषित केलेल्या उपासनाविषयक संविधानात, ११५ व्या परिच्छेदात, संगीताचे शिक्षण केवळ गुरुकुलांत नव्हे तर कॅथलिक शाळांतही द्यावे, असे सांगितले आहे. त्यापुढेच, ११९ व्या परिच्छेदात, त्या त्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्यावा, असेही म्हटले आहे. दोन्ही परिच्छेद एकत्र वाचले तर कोदाय आणि गोन्साल्विस यांच्या आयुष्याचे सार हाती येते.

आपल्या शाळांत मूल आठवी-नववीत गेले की पहिली कुऱ्हाड संगीतावर पडते. दहावीचे वर्ष जवळ आले, आता गाणे पुरे! खरे तर याच वयात आकलन वाढते, आणि जे लहानपणी नुसते कानाने घेतले ते का आणि कसे हे समजू लागते. त्यासाठी महागडे वाद्य लागत नाही. गळा, हात आणि रोजची दहा मिनिटे पुरतात. आपल्या आजीच्या ओठांवरचे लग्नगीत घ्यावे, त्याचे स्वर ओळखावेत, त्यांना नावे द्यावीत आणि ते कागदावर उतरवावे. आजी गेल्यावरही ते गीत राहील, आणि ज्या नातवंडाने ते उतरविले त्याला पुढच्या रविवारचे नवे स्तोत्र कुणी वाजवून दाखविण्याची वाट पाहावी लागणार नाही.