तीनचाकी मोटारसायकल
तीनचाकी मोटारसायकल : मोटारसायकलीच्या मूळ सांगाड्यास मागे दोन चाकांचा आस जोडून, अथवा पुढे दोन चाके बसवून तयार केलेले वाहन. मूळचे मागील चाक कायम ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंस जादा चाके लावलेल्या स्कूटरलाही व्यवहारात तीनचाकीच म्हणतात. अशी वाहने कारखान्यांतही बनतात. तथापि त्यांच्या इतिहासाचा मोठा भाग लहान व घरगुती कर्मशाळांत घडला आहे. भारतात या रूपांतरामागे प्रामुख्याने दोन गरजा होत्या : उपजीविकेसाठी स्वस्त वाहन आणि पायाने अधू असलेल्या व्यक्तीस स्वतंत्रपणे फिरता येणे.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये द दियाँ-बूताँ यांच्या एंजिनयुक्त तीनचाकी प्रचारात आल्या. इंग्लंडमध्ये एच. एफ. एस. मॉर्गन यांनी १९०९ मध्ये पुढे दोन व मागे एक चाक असलेले वाहन बांधले. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसन कंपनीची ‘सर्व्ही-कार’ १९३२ पासून १९७३ पर्यंत तयार होत होती. मोटारदुरुस्तीची दुकाने व पोलीस खाते यांत तिचा विशेष वापर होई. इंग्लंडमध्ये बर्ट ग्रीव्ह्‌ज यांनी अर्धांगग्रस्त चुलतभावाच्या खुर्चीस एंजिन जोडले. त्या घरगुती प्रयोगातून दुसऱ्या महायुद्धानंतर ‘इन्व्हाकार’ हे अपंगांचे तीनचाकी वाहन निघाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने विक्रीस काढलेल्या मोटारसायकलींचे दिल्लीतील कारागिरांनी प्रवासी तीनचाकींत रूपांतर केले. ‘फटफटी’ या नावाने त्या अर्धशतक चालल्या व प्रदूषणाच्या कारणास्तव १९९८ च्या सुमारास बंद झाल्या. सौराष्ट्रातील ‘छकडो’ हे बुलेट मोटारसायकलीचा पुढील भाग व दोन चाकांचा मागील गाडा यांच्या संयोगातून झालेले वाहन होय. महाराष्ट्रात हे काम लवकरच कारखान्यांकडे गेले. बजाज टेम्पो कंपनीने १९५८ मध्ये जर्मन नमुन्याची ‘हॅन्सिॲट’ तीनचाकी बनविण्यास आरंभ केला. बजाज ऑटो कंपनीस १९५९ मध्ये दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या उत्पादनाचा परवाना मिळाला. तिची ऑटोरिक्षा इटलीतील प्याज्जो कंपनीच्या ‘आपे’ या वाहनावर आधारलेली होती आणि ‘आपे’ हेदेखील व्हेस्पा स्कूटरचेच १९४८ मधील तीनचाकी रूप होते.

उपजीविकेची गरज अशा रीतीने कारखान्यांनी भागविली. अपंगांची गरज मात्र कर्मशाळांकडेच राहिली. पोलिओने पाय दुर्बल झालेल्या व्यक्तीस थांबलेली दुचाकी तोलून धरता येत नाही. १९८० नंतरच्या दशकात कायनेटिक होंडासारख्या, गिअर बदलावे न लागणाऱ्या व विजेच्या कळीने सुरू होणाऱ्या स्कूटर आल्यावर ही अडचण बरीच सुलभ झाली. बाजूची दोन चाके व हाताचे ब्रेक एवढ्या फेरबदलाने अशी स्कूटर वापरण्याजोगी होऊ लागली.

रचना : दोन चाकांचा मागील आस एकसंध असल्यास वळताना आतील व बाहेरील चाकांस वेगवेगळे अंतर कापावे लागून टायर घसटतात. म्हणून आसात विभेदक दंतचक्रमाला, म्हणजे कारागिरांच्या भाषेत डिफरन्शिअल, बसवितात. स्वस्त रूपांतरात साखळीने एकच चाक फिरविले जाते. मात्र त्यामुळे गती वाढविताना वाहन एका बाजूस ओढते. बाजूची जादा चाके सांगाड्यास ताठ जोडली, तर खड्ड्यावर मधले चालक चाक अधांतरी राहून त्याची पकड सुटते. यासाठी ती स्प्रिंगवर टांगणे आवश्यक असते. मोटारसायकलीचा सांगाडा बाजूच्या दाबासाठी योजलेला नसल्याने जोडाच्या जागी वेल्डिंगला तडे जाण्याचा संभव असतो. बहुतेक मोटारसायकलींना मागे जाण्याचा गिअर नसतो, ही आणखी एक उणीव होय.

स्थैर्याचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दुचाकी वळणावर आत कलते व त्यायोगे तोल सांभाळते. ताठ आसाची तीनचाकी कलू शकत नाही. वेग वाढल्यास ती पुढचे चाक व बाहेरचे मागील चाक यांना जोडणाऱ्या रेषेवरून उलटते. उदा., मागील दोन चाकांत १ मी. अंतर आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून ०·६ मी. उंच आहे व तो पुढील चाकापासून आसांमधील अंतराच्या दोनतृतीयांश मागे आहे, असे मानल्यास १५ मी. त्रिज्येच्या वळणावर ताशी सु. ३२ किमी. वेगाला आतील चाक उचलले जाऊ लागते. वळणावर ब्रेक दाबल्यास भार पुढील अरुंद भागाकडे सरकून ही मर्यादा आणखी कमी होते. म्हणून आसन खाली घेणे व मागील चाकांतील अंतर वाढविणे हे कोणत्याही सजावटीपेक्षा महत्त्वाचे ठरते.

कायदा : १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या गाडीची व्याख्या होती, ती गाडी अपंग व्यक्तीसाठी खास आखलेली व बांधलेली असावी, ‘केवळ फेरबदल केलेली’ नसावी, अशी तिच्यात अट होती. १९८८ च्या कायद्यातही ही अट कायम राहिली. परिणामी कर्मशाळेत बदललेली स्कूटर, म्हणजे अपंगांस प्रत्यक्षात परवडणारे वाहन, या व्याख्येबाहेर पडे. याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीने उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांस मनाई झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई काटेकोरपणे उचलून धरली. त्याच वर्षी संसदेने केलेल्या दुरुस्तीत जुनी व्याख्या वगळून ‘अनुकूलित वाहन’ ही संज्ञा आली. खास बांधलेल्या वाहनाबरोबरच अपंग व्यक्तीसाठी फेरबदल केलेले वाहनही तीत समाविष्ट आहे. मालकाने असा बदल करून नंतर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यावी, अशी तरतूद झाली. सुमारे ८० वर्षे कायद्याबाहेर राहिलेल्या कारागिरीस यामुळे अटींसह का होईना, मान्यता मिळाली. केवळ हौसेने केलेल्या रूपांतरास मात्र ही सवलत लागू नाही.

पनवेल परिसर : रस्त्याच्या गरजेनुसार स्थानिक कारागिराकडून वाहन घडवून घेण्याची प्रथा पनवेल येथे जुनी आहे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर मुंबई–पुणे वाहतुकीत या बंदराला महत्त्व आले आणि एकोणिसाव्या शतकात बैलगाड्यांची चाके बनविण्यासाठी हे गाव प्रसिद्ध होते. आज येथील वाहनांची नोंदणी पनवेलच्या परिवहन कार्यालयात एमएच-४६ या संकेतांकाने होते. रूपांतरित वाहनालाही तेथेच मान्यता घ्यावी लागते. मान्यता मिळाली, तरी त्यास सर्व रस्ते खुले होत नाहीत. जवळच्या कळंबोलीहून निघणाऱ्या मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकी व तीनचाकी वाहनांस बंदी आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुल्या झालेल्या शिवडी–न्हावाशेवा अटल सेतूवरही मोटारसायकली व ऑटोरिक्षांस प्रवेश नाही. पुण्याकडे जाणाऱ्या तीनचाकीस म्हणून जुना महामार्गच घ्यावा लागतो. त्यावरील घाटाची तीव्र वळणे ही वर सांगितलेल्या स्थैर्यमर्यादेची कसोटी पाहणारी असल्याने रूपांतराचा दर्जा हा येथे सोयीचा नव्हे, तर जीविताचा प्रश्न ठरतो.