काट्यावरची तीन गावे आणि चार नागडे भाऊ

आमच्या मुक्ताईनगरला जुनी माणसे अजून एदलाबादच म्हणतात. एकाच गावाला दोन नावे असली की गाडीच्या तिकिटापासून शाळेच्या दाखल्यापर्यंत थोडा गोंधळ होतो, पण गाव काही बदलत नाही. गाण्यांचेही असेच होते, आणि आज त्याबद्दलच लिहायचे आहे.

मुक्ताबाईंचे एक कूट पद महाराष्ट्राला पाठ आहे. एक मुंगी आभाळात झेप घेते आणि चक्क सूर्य गिळून टाकते. वांझ बाईला मूल होते. हे सगळे पाहून मुक्ताबाईंना हसू येते. आशा भोसले यांच्या आवाजात हे पद घराघरांत पोचले. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना त्याचा अर्थ सांगता येईल, हा प्रश्न वेगळा. जाणकार सांगतात की मुंगी म्हणजे जीव, वांझ म्हणजे माया. असेल. पण अर्थ आधी कळला असता तर ते गाणे सातशे वर्षे टिकले असते का, याची मला शंका आहे. तापीकाठी मेहूणला १२९७ साली वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या, असे परंपरा सांगते. तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवही आमच्याच तालुक्यात. त्याच चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरे पत्र धाडले आणि उत्तरादाखल पासष्ट ओव्या मिळाल्या. कोऱ्या कागदाचाही अर्थ लावणारी ही मंडळी होती!

हे उलटे बोलणे मुक्ताबाईंनी शून्यातून काढले नव्हते. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांकडून आणि गहिनीनाथांना गोरखनाथांकडून दीक्षा मिळाली, अशी या घराची गुरुपरंपरा आहे, आणि नाथपंथात कोडे घालून बोलण्याची रीत जुनीच होती. पुढे कबीरांच्या उलटबासीत तीच रीत दिसते. उर्दू शिकवताना आम्ही मुलांना अमीर खुसरोंच्या नावावरच्या पहेल्या आणि कहमुकरन्या सांगतो. त्यांचा सूर हलकाफुलका आहे, पण ऐकणाऱ्याला आधी चकवायचे आणि मग जागे करायचे, ही युक्ती एकच.

आता खरी गंमत. ज्ञानदेवांच्या नावावर एक पद गायले जाते. त्यात काट्याच्या टोकावर गावे आहेत तीन. त्यातली दोन उजाड, आणि तिसऱ्यात वस्ती झालेलीच नाही. त्या न वसलेल्या गावात तीन कुंभार येतात. दोघे थोटे, तिसऱ्याला हात नाहीत. ते मडकी घडवतात, मडक्यांत मूग शिजायला टाकतात, ते शिजत नाहीत, तरी पाहुणे येतात. अशी ती साखळी पुढे पुढे जाते. कोणी म्हणते तीन गावे म्हणजे तीन गुण, कोणी म्हणते तीन देह.

हेच ऐकून ठेवा आणि आता गुलबर्ग्याला चला. ख्वाजा बंदेनवाज गेसूदराज (१३२१–१४२२) यांच्या नावावर फारसीत एक छोटीशी गोष्ट आहे, ‘बुरहानुल आशिकीन’. लोक तिला ‘शिकारनामा’ म्हणतात. दखनीतही ती आली. गोष्टीत चार भाऊ आहेत. तिघांच्या अंगावर कपडा नाही आणि चौथा नागडा आहे, पण त्या नागड्याच्या बाहीत पैसे आहेत! ते धनुष्ये घेतात, सगळी मोडकी. बाण घेतात, तेही निकामी. मेलेली हरणे मारतात. शिजवायला घर शोधतात तर त्याला ना छप्पर ना भिंत. हंडी इतक्या उंचावर की हात पुरत नाही, म्हणून पायाखाली खड्डा खणतात, आणि मग हात पुरतो. अनेक सूफींनी यावर शर्ह लिहिल्या. चार या आकड्याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या परीने लावला.

दोन्ही रचना शेजारी ठेवा. तीनच्या जागी चार आले, कुंभाराच्या जागी शिकारी आला, मडक्याच्या जागी हंडी आली. चौकट तीच आहे. जे नाही त्यातून जे होणार नाही ते घडवायचे आणि ते पाहुण्यापुढे वाढायचे.

मग कोणी कोणाचे घेतले? इथे वाद सुरू होतो, आणि तो गाण्यापुरता राहत नाही. ‘ते आमचे, यांनी उचलले’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी ऐकले आहे. उर्दू शाळेतली मुले मराठीचा धडा वाचताना मुंगीच्या पदापाशी थबकतात आणि हे आपले नाही असे धरून चालतात. मराठी वाचकाला ‘शिकारनामा’ हे नावही ठाऊक नसते. म्हणून पुरावा नीट तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिली गोष्ट गेसूदराजांच्या बालपणाची. दिल्लीहून आणलेल्या कुटुंबांबरोबर त्यांचे घर दौलताबादला आले. साधारण सातव्या वर्षापासून पुढची काही वर्षे ते तिथे वाढले. त्यांचे वडील सय्यद यूसुफ, म्हणजे शाह राजू कत्ताल, खुलदाबादला दफन आहेत. एखाद्या पोराच्या कानावर मराठी कोडे पडायला देवगिरीचा बाजार पुरेसा होता. पण एवढ्यावरून ‘मराठीतून फारसीत गेले’ असे मी म्हणणार नाही. कारण दुसरी गोष्ट.

काट्यावरच्या पदाचा जो पाठ आज गातात, त्यात पुढे रुपये येतात, तेही खोटे. ‘रूप्य’ शब्द जुना आहे, पण रुपया नावाचे नाणे शेरशाह सूरीच्या राज्यातले, १५४० नंतरचे. ज्ञानदेवांची समाधी १२९६ची. म्हणजे एक तर हे पद बरेच नंतरचे आहे, नाहीतर गाणाऱ्यांनी आपल्या काळाचे नाणे त्यात घातले. मला दुसरे अधिक पटते, कारण भजनात असे सर्रास होते. शेवटच्या चरणातली नाममुद्रा म्हणजे गझलेच्या मक्त्यातला तखल्लुसच. पण ती सही करारावरची नसते, ती आदराचीही असते.

आमच्या बाजूलाही हेच घडले. ‘मेराजुल आशिकीन’ हे उर्दू गद्याचे पहिले पुस्तक आणि त्याचे लेखक गेसूदराज, असे मौलवी अब्दुल हक यांच्या आवृत्तीपासून पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. हफीज कतील यांनी दाखवून दिले की ते विजापूरच्या मखदूम शाह हुसैनी यांचे आहे, म्हणजे खूप नंतरचे. तरीही जुनेच उत्तर लिहून गुण मिळतात, हे आम्हा बी.एड. वाल्यांना वेगळे सांगायला नको.

हे फक्त संतांचे आणि सूफींचे आहे असे नाही. लंडनच्या ‘द क्लॅश’ या पंक रॉक बँडचे १९८२चे ‘रॉक द कसबा’ घ्या. त्याचे शब्द ऐकून इंग्रजी जाणणारेही बुचकळ्यात पडतात. शरीफ काय, मुअज्जिन काय, राग काय! राग आला तो असा की गाणी फार लांबताहेत म्हणून त्यांच्या व्यवस्थापकाने ‘सगळे या रागाएवढे लांब हवे का?’ अशा अर्थाचे काहीतरी फटकारले, आणि गायक जो स्ट्रमरने तोच धागा उचलला. त्यात क्रांतीनंतरच्या इराणमधली संगीतावरची बंदी मिसळली. २००४ साली अल्जेरियात जन्मलेल्या रशीद ताहा यांनी ते अरबीत गायले. आणि कसबा? तोच अरबी शब्द, जो पुण्याच्या कसबा पेठेत आहे. मुळात अरबी शब्द, इंग्रजांच्या तोंडून फिरून परत अरबीत. आता ते गाणे कोणाचे म्हणायचे?

श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी १६४५मध्ये ‘योगसंग्राम’ मराठी ओवीत पुरा केला. त्यांचे गुरू चांद बोधले, आणि एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी यांचेही गुरू चांद बोधलेच, असे मानतात. चांद बोधल्यांची कबर दौलताबादला आहे. काट्यावरची गावे आणि नागडे भाऊ एकमेकांना भेटले असतील, तर अशाच ठिकाणी, अशाच माणसांच्या बैठकीत. वर्गात आता मी दोन्ही एकाच तासाला सांगतो, आधी मूग आणि मग हरणे. गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारले, ‘सर, नागड्याला बाही कुठून आली?’ शर्ह लिहिणाऱ्यांनी पानेच्या पाने खर्च केली ती याच प्रश्नावर.