सतरा ऑगस्ट की सत्तावीस डिसेंबर?

एखाद्या राष्ट्राचा जन्मदिवस कोणता, हे त्या राष्ट्राने ठरवावयाचे की त्याच्यावर राज्य करून गेलेल्यांनी, असा प्रश्न कोणी केला तर तो आपणास निरर्थक वाटेल. परंतु हॉलंड व इंडोनेशिया ह्यांच्यामध्ये हाच प्रश्न पाऊणशे वर्षे लोंबकळत राहिला. वसाहतकाळातील हिंसेची कबुली दिल्याने दोन राष्ट्रांमधील संबंध कितपत निवळतात, ह्याचे उत्तर त्या वादात जितके स्पष्ट मिळते तितके मला अन्यत्र आढळलेले नाही.

१७ ऑगस्ट १९४५ रोजी सुकार्नो व हट्टा ह्यांनी जाकार्ता येथे स्वातंत्र्याची घोषणा केली. डचांनी सार्वभौमत्व सोडले ते २७ डिसेंबर १९४९ रोजी. मधली चार वर्षे व चार महिने संघर्षात गेले. पण त्या संघर्षाला युद्ध म्हणावयास हेगचे शासन तयार नव्हते. जुलै १९४७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९४८ मध्ये केलेल्या मोठ्या लष्करी चढायांना त्याने 'पोलिसी कारवाई' असे नाव दिले. मराठवाड्यातील व हैदराबादेतील वाचकांस ह्या नावाची ओळख करून देण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याने निजामाविरुद्ध काढलेली मोहीम तिकडे 'पोलीस ॲक्शन' ह्याच नावाने बोलली जाते. दोन्ही प्रसंग एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल; शब्द मात्र दोन्हीकडे एकच काम करतो. जे घडले ते आमच्या घरातले आहे, बाहेरच्यांनी त्यात पडू नये, असे तो सांगतो. आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर यावयास फार वेळ लागतो. त्या मोहिमेच्या वेळी व नंतर झालेल्या हत्यांविषयीचा पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल आपल्याकडेही अनेक दशके बंदच राहिला होता.

डचांचा हा शब्द भारताने मात्र तेव्हाही मानला नाही. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाप्रमाणे भारतानेही इंडोनेशियाचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे नेला, आणि जानेवारी १९४९ मध्ये नेहरूंनी त्यासाठी दिल्लीस आशियाई राष्ट्रांची परिषद भरविली.

ह्या 'पोलिसी कारवाई'चे खरे रूप पाहावयाचे तर पश्चिम जावातील रावागेडे ह्या खेड्याकडे वळावे लागते. ९ डिसेंबर १९४७ रोजी डच सैनिक एका स्वातंत्र्यसैनिक नायकाच्या शोधात तेथे आले. तो सापडला नाही, तेव्हा त्यांनी गावातील पुरुषांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या. गावकरी मृतांची संख्या ४३१ सांगतात, डच कागदपत्रे १५०. ह्या हत्यांबद्दल कोणावरही खटला झाला नाही. १९६९ मध्ये यूप ह्यूटिंग ह्या माजी सैनिकाने दूरचित्रवाणीवर आपल्या सैन्याची कृत्ये उघड केली. तेव्हा शासनाने घाईने एक अहवाल सिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की काही खेदकारक अतिरेक घडले, परंतु एकंदरीत सैन्याचे वर्तन योग्यच होते.

'अतिरेक' ह्या शब्दावर येथे थोडे थांबले पाहिजे. अतिरेक म्हणताच मर्यादेतील हिंसा योग्य होती हे आपोआप गृहीत धरले जाते. आपल्याच प्रदेशात बंडाळी मोडणाऱ्या शासनाच्या हातून अतिरेक होतो. दुसऱ्या राष्ट्रावर चालून जाणाऱ्याचे सारे कृत्यच आक्रमण असते. इंडोनेशिया १९४५ मध्ये स्वतंत्र झाला की १९४९ मध्ये, ह्यावर मृतांच्या बाबतीत कोणता शब्द लागू करावयाचा हे अवलंबून होते. १९४९ च्या हेग येथील गोलमेज परिषदेत वसाहतीचे ४ अब्ज गिल्डरांहून अधिक कर्ज नव्या प्रजासत्ताकाच्या माथी मारण्यात आले, तेही ह्याच हिशेबाने. १९५६ मध्ये इंडोनेशियाने ते झुगारून दिले.

व्यापार, शिष्टाचार व राजभेटी ह्यांचे ह्यावाचून फारसे अडले नाही. १९७१ मध्ये राणी युलियाना जाकार्तास गेल्या. १९९५ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, राणी बेआट्रिक्स गेल्या खऱ्या, पण १७ ऑगस्ट उलटून गेल्यावर. त्या दिवशी तेथे उपस्थित राहणे हॉलंडमधील जुन्या सैनिकांना सहन होण्यासारखे नव्हते. यजमानांना हे कळले नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. बाताव्हियात जन्मलेले व बालपणी जपानी छावणीत राहिलेले परराष्ट्रमंत्री बर्नार्ड बॉट २००५ मध्ये १७ ऑगस्टच्या समारंभास गेले आणि आपला देश इतिहासाच्या चुकीच्या बाजूस उभा होता असे त्यांनी सांगितले, तेव्हा कोठे ही कोंडी फुटली.

पुढची पावले मात्र शासनाने आपण होऊन टाकली नाहीत. रावागेडेच्या विधवांनी हेगच्या न्यायालयात दावा लावला. मुदत उलटून गेली आहे हा शासनाचा बचाव न्यायालयाने सप्टेंबर २०११ मध्ये फेटाळला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला डच राजदूताने त्या गावी जाऊन क्षमा मागितली. दाव्यातील प्रत्येकास २० हजार युरो देण्यात आले. मार्च २०२० मध्ये राजे विलेम-अलेक्झांडर ह्यांनी इंडोनेशियात जाऊन क्षमायाचना केली, पण तीही 'अतिरेकी' हिंसेबद्दल. तो शब्द मोडला संशोधकांनी. तीन डच संस्थांच्या संशोधनाचे निष्कर्ष १७ फेब्रुवारी २०२२ रोजी प्रसिद्ध झाले. पराकोटीची हिंसा वारंवार व व्यवस्थेचाच भाग म्हणून वापरली गेली आणि राजकारणी व न्यायाधीश ह्यांनी तिकडे डोळेझाक केली, असे त्यांत नि:संदिग्धपणे म्हटले होते. प्रधानमंत्री मार्क रुत्ते ह्यांनी त्याच दिवशी क्षमा मागितली.

तारीख उरलीच होती. १४ जून २०२३ रोजी संसदेत, सदस्यांनी पुन्हा पुन्हा छेडल्यावर, १७ ऑगस्ट १९४५ हा स्वातंत्र्यदिन आपण पूर्णपणे व विनाअट मान्य करतो असे रुत्ते म्हणाले. कायद्याच्या दृष्टीने मात्र १९४९ हीच तारीख कायम राहील, असा खुलासा त्यापाठोपाठ झाला. जाकार्ताहून अध्यक्ष जोको विडोडो ह्यांनी दिलेले उत्तर सावध होते. परराष्ट्रमंत्र्यांचे मत घेऊन पाहू, एवढेच ते म्हणाले. त्याच चर्चेत रुत्ते ह्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली: आपले राजे दरवर्षी १७ ऑगस्टला इंडोनेशियाच्या अध्यक्षांना अभिनंदनाची तार पाठवितच आले आहेत.