पेवात उतरणारी माणसे

परभणी जिल्ह्यात पालमच्या बाजूला शेतावरील मुक्कामाच्या जागेस ‘आखाडा’ म्हणतात. कुस्तीशी त्याचा संबंध नाही. बैलांचा गोठा, कडब्याची गंजी, औतांची जागा आणि सालगड्याचे बिऱ्हाड एवढाच त्याचा पसारा. मालक राही गावातील माळवदी वाड्यात. गोदाकाठच्या काळ्या मुलखातील शेतीचा संसार असा दोन ठिकाणी वाटलेला असे.

वाड्याच्या भिंती रुंद, छत सपाट. तुळयांवर फळ्या, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. संत मार्कच्या शुभवर्तमानात पक्षाघाती मनुष्यास छप्पर उकरून खाली सोडल्याचे वाचून कौलारू घरात वाढलेल्यांना नवल वाटते. (संत लूक तर तेथे कौलेच काढतो!) माळवदाखाली वाढलेल्या भाविकास तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

धान्यासाठी भिंतीत बळद व जमिनीखाली पेव. पेवात हवा कोंडली की कीड जगत नसे, म्हणून ज्वारी टिके. त्याच कारणाने माणूसही जगत नसे. पेव उघडून वारा लागू द्यावयाचा, मग पेटता दिवा आत सोडावयाचा. तो विझला तर थांबावयाचे. उतरणारा बहुधा सालगडी. मराठवाड्यातील आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांचे पूर्वज या वास्तूंशी मालकीने नव्हे, श्रमाने जोडलेले होते. वाड्यांविषयी लिहिणारे दारांवरील नक्षीत रमतात. आम्हांस तो दिवा अधिक मोलाचा वाटतो.

निजामी अंमल १९४८ साली संपला, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५० साली कूळकायदा आला. पुढे संकरित ज्वारी आली. ती साठवणीत लवकर किडे आणि तिचा कडबाही आखूड. पेवांचे प्रयोजन सरले.

माळवदाचा विश्वास मात्र एका पहाटेत गेला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती व छतांच्या भाराखाली हजारो माणसे झोपेतच दगावली. पालम त्या टापूबाहेर; तरी भीतीला तालुक्याची शीव नसते. माळवदे उतरली, पत्रे चढले. मे महिन्यात त्या पत्र्यांखाली जीव भाजून निघतो, तरीही आम्ही कोणास दोष देत नाही.

पेवाचे तोंड कोठे होते, आत कोण उतरे, सालाची ज्वारी किती ठरे, हे सांगणारी वृद्ध मंडळी अद्याप आपल्यांत आहेत. तरुणांनी त्यांच्यापाशी बसून ते धर्मग्रामाच्या दप्तरात, सांगणाऱ्याच्या नावानिशी, नोंदवून घ्यावे.