काळ्या पट्ट्याची साक्ष

पिंपळी हे आमचे गाव बारामती तालुक्यातले. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, जिराईताचे बागाईत झाले आणि या मुलखाला उसाचे दिवस आले. त्यामुळे गावी गेलो की पारावरचे बोलणे दोनच गोष्टींभोवती फिरते: पाण्याची पाळी आणि उसाचा वजनकाटा. काटा खरा की खोटा यावर वाद घालण्यात तासन् तास निघून जातात. माझे आयुष्य मात्र गेले पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या अंधारखोलीत. “तिथे तुम्ही करता तरी काय?” असे कोणी विचारले म्हणजे मी सांगतो, “आमचाही काटाच. फक्त आम्ही उजेड तोलतो.” ऐकणारा हसतो, पण उत्तर थट्टेचे नाही. या उजेडाच्या काट्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

तिचा पहिला धडा आमच्या मुलखापासून दूर नाही. इंदापूर मागे टाकून भीमेपलीकडे गेले की करमाळा तालुक्यात जेऊर लागते. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली या गावावरून गेली. पुण्याच्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला आपली दुर्बीण आणि कॅमेरे घेऊन तेथे उतरले होते. अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल यांनीही तेथेच तळ दिला होता. खग्रास अवस्था टिकणार जेमतेम दोन मिनिटे. तेवढ्यात जे साधेल ते फोटोच्या काचांवर साठवून घ्यावयाचे.

अडचण अशी की, सूर्याचे प्रभामंडल बिंबाजवळ अत्यंत तेजस्वी आणि दूरवर अत्यंत मंद असते. काच क्षणभरच उघडी ठेवावी, तर बाहेरची मंद प्रभा उमटतच नाही. जास्त वेळ ठेवावी, तर आतला भाग एकसारखा भरून जातो आणि त्यातले बारकावे बुडतात. म्हणून ग्रहणाचे वेध घेणारे कमीजास्त मुदतीच्या अनेक काचा घेत. पुढे १८९९ च्या सुमारास व्हिएन्नात ताऱ्यांचे फोटो तपासताना कार्ल श्वार्त्सशिल्ड यांनी आणखी एक दोष मोजून दाखवला. उजेड निम्मा झाला असता वेळ दुप्पट देऊन भागत नाही. त्याहूनही अधिक द्यावा लागतो. थोडक्यात, फोटोची काच दुबळ्या उजेडाला पुरता न्याय देत नाही.

ज्योतिष्यांना भेडसावणारा हाच प्रश्न सुमारे ऐंशी वर्षांनी जीवशास्त्रज्ञांच्या अंधारखोलीत येऊन उभा राहिला. तो कसा, हे कळण्यासाठी आमचा धंदा थोडा समजून घ्यावा लागेल. शरीरातील प्रत्येक पेशीत हजारो प्रकारची प्रथिने असतात. त्यांतले एखादेच नेमके आहे की नाही, आणि असल्यास किती, हे पाहावयाचे असते. त्यासाठी पेशींचा अर्क एका जेलीसारख्या पातळ थरात घालून विजेच्या प्रवाहाने पळवतात. लहान प्रथिने पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. मग शाई टिपकागदाने टिपावी तशी ती सारी एका कागदासारख्या पटलावर उतरवून घेतात. हवे ते प्रथिन ओळखणारे प्रतिपिंड त्यावर सोडतात. ते आपल्या ओळखीच्या प्रथिनाला नेमके चिकटते. त्याच्या पाठीवर, मुळा-मोहरीच्या कुळातल्या एका वनस्पतीपासून काढलेले विकर बांधलेले असते. वर योग्य रसायन ओतले की, जेथे ते प्रथिन असेल तेथे काजव्यासारखा मंद उजेड पडू लागतो.

एडविन सदर्न यांनी १९७५ साली डीएनए असा टिपण्याची युक्ती काढली. १९७९ साली बाझेल येथील टोबिन, श्टेहेलिन आणि गॉर्डन यांनी ती प्रथिनांसाठी वापरली. सदर्न या आडनावाचा अर्थ ‘दक्षिणेचा’, म्हणून १९८१ साली बर्नेट यांनी गमतीने प्रथिनांच्या पद्धतीला ‘वेस्टर्न’, म्हणजे पश्चिमेचा, ब्लॉट असे नाव दिले आणि तेच रूढ झाले.

हा उजेड आम्ही टिपत असू तो दवाखान्यातल्या एक्स-रे फिल्मवर. लाल दिव्याच्या प्रकाशात फिल्म पटलावर दाबून पेटीत बंद करावयाची, मिनिटे मोजावयाची, मग डेव्हलपर, पाणी, हायपो, पुन्हा पाणी. ओल्या फिल्मवर काळा पट्टा उगवताना पाहणे हा आनंद ज्याने घेतला, त्यालाच त्याची गोडी ठाऊक! फिल्म स्वस्त, तिला महागडे यंत्र लागत नाही, आणि पटलाला चिकटून बसल्यामुळे क्षीण उजेडही ती चांगला पकडते. ज्या प्रयोगशाळांची तिजोरी लहान, त्यांचे संशोधन फिल्मनेच तारले, हे कृतज्ञतेने म्हटले पाहिजे.

परंतु काटा म्हणून फिल्म दोन्ही टोकांना कच्ची. तिच्यातला चांदीच्या क्षाराचा कण जागा व्हावयाचा तर प्रकाशाचे काही कण थोड्या अवधीत त्यावर पडावे लागतात. एखाददुसरा पडला तर त्याची खूण पुसून जाते. हा खालच्या टोकाचा दोष. वरच्या टोकाला, सारे कण एकदा काळे झाले की त्याहून काळे होणे नाही. काट्याने शंभर मणांवर सरकायचेच नाकारले, तर दीडशे मणांची गाडी आणि तीनशे मणांची गाडी त्याला सारखीच! एखाद्या औषधाने रोगट पेशीतले प्रथिन निम्मे झाले असले, तरी फिल्मवरचे दोन्ही पट्टे सारखेच काळेभोर दिसू शकतात आणि गुणकारी औषध निरुपयोगी ठरू शकते. शंभरपटीच्या आतलाच फरक फिल्मवर मापण्याजोगा उतरतो, तोही हात जपून काम केले तर.

पट्ट्याच्या वाचनावर माणसाचे भवितव्यही अवलंबून असते. एड्सच्या साथीत, पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली या रोगाच्या संशोधनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली, त्या काळात वेस्टर्न ब्लॉट हा अखेरचा निवाडा मानला जाई. तेथे फिल्म नसे. पट्टीवर रंगीत रेघा उमटत आणि त्या डोळ्यांनी वाचीत. रेघ पुसट असली की निकाल अनिर्णित, आणि समोरचा माणूस आठवडेच्या आठवडे टांगणीला!

या कच्च्या काट्यावर उपाय आला तोही आकाश पाहणाऱ्यांच्या मार्गाने. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी नावाची चकती कल्पिली. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रकाशकण पडेल तसा तीत विजेचा भार साठतो: दुप्पट उजेड, दुप्पट भार. ज्योतिष्यांनी तिचा उपयोग लवकर ओळखला. आपल्या पुणे जिल्ह्यातच गिरवलीला २००६ साली सुरू झालेल्या दोन मीटरच्या दुर्बिणीने फोटोच्या काचा कधी पाहिल्याच नाहीत. तीच चकती, खूप थंड करून, आता आमच्या पटलाकडे डोळा लावून बसते. हजारपट, दहा हजारपट फरकही ती प्रमाणात नोंदवते. करड्या रंगाच्या ६५,५३६ छटा तिला ठाऊक असतात. तिचीही खाचर भरून वाहते, पण कोठे भरली हे संगणक तत्काळ दाखवतो. फिल्म मात्र भरल्याचे सांगत नसे.

तर मग वाद मिटला काय? मापाचा मिटला, साक्षीचा नाही. फिल्मच्या काळात खाडाखोड करावयाची तर कात्री आणि गोंद लागत. आता दोन बोटे पुरतात. ‘जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी’ने २००२ पासून छापण्यापूर्वी चित्रांची तपासणी सुरू केली. २०१६ साली एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०,६२१ निबंध तपासले, तेव्हा सुमारे चार टक्क्यांत शंकास्पद चित्रे आढळली. पुण्यातल्या एका संस्थेतून २००५ साली निघालेला निबंधही, त्यातले पट्टे पूर्वीच्याच चित्रातले आहेत या आक्षेपावरून, अमेरिकेतील नियतकालिकाने २००७ साली मागे घेतला. दुसरीकडे, तज्ज्ञांच्या एका समितीने त्याच संशोधकांना निर्दोष ठरवले. ज्या चित्रावरून जाणते लोकच परस्परविरुद्ध निवाडे देतात, त्याचे मूळ जपणे किती अगत्याचे आहे!

मला विचाराल तर मापासाठी कॅमेराच घ्यावा. फिल्मच्या हळव्या आठवणींनी काटा खरा होत नाही. पण कपाटातल्या जुन्या फिल्मकडून एक शिस्त मात्र उचलावी. त्या फिल्मवर कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख असे, आणि सहा वर्षांनी कोणी शंका घेतली तरी तीच उजेडासमोर धरता येई. संगणकातही कॅमेऱ्याने दिलेले पहिले चित्र, त्यावर बोट न फिरवता, तसेच्या तसे ठेवता येते. पट्टा गडद असो वा पुसट, त्याला जसा दिसला तसा राहू द्यावा. खरेपणा यंत्राबरोबर विकत मिळत नाही. तो ज्याचा त्यानेच घालावा लागतो.